डबकं चुकवणारा कैदी: फाशीविरोधी निबंध कसा वाचायचा आणि त्यावर कसं लिहायचं

'लेखकाने कोणकोणत्या साहित्यतंत्रांतून मृत्युदंडाला असलेला विरोध व्यक्त केला आहे?' असा प्रश्न समोर आला की नवख्याचा हात आपोआप यादीकडे जातो. उपमा, रूपक, प्रतीक, उपरोध. प्रत्येकाला एकेक उदाहरण चिकटवायचं आणि शेवटी 'अशा प्रकारे लेखकाने प्रभावीपणे विरोध दर्शवला आहे' म्हणून मोकळं व्हायचं. मीही पहिल्यांदा असंच लिहिलं होतं. अकरा तंत्रं शोधून काढली होती, प्रत्येकाखाली पट्टीने रेघ मारली होती. तपासणाऱ्या बाईंनी समासात एवढंच लिहिलं: 'मोजणी छान. पण यात एक माणूस मेला, तो कुठे आहे?'

पुढे काय करायचं हे मला त्या शेऱ्यावरून हळूहळू कळत गेलं. ते इथे पायरीपायरीने मांडतो. उदाहरणाला एकच निबंध घेऊ, म्हणजे हवेत बोलणं होणार नाही: इंग्रज लेखक जॉर्ज ऑर्वेलचा 'अ हँगिंग', म्हणजे 'एक फाशी'. जेमतेम दोन हजार शब्दांचा निबंध. ऑगस्ट १९३१ मध्ये तो 'द अडेल्फी' या नियतकालिकात आला, तेव्हा लेखक म्हणून नाव होतं एरिक ब्लेअर. 'ऑर्वेल' हे टोपणनाव १९३३ पासूनचं. १९२२ ते १९२७ हा माणूस ब्रह्मदेशात इंग्रजांच्या पोलीस खात्यात नोकरीला होता, आणि ब्रह्मदेश तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानचाच एक प्रांत होता. निबंधात घडतं ते इतकंच: पावसाळ्यातली ओली सकाळ, तुरुंग, एका हिंदू कैद्याला कोठडीतून काढून फाशीच्या चौकटीपर्यंत चालवत नेतात, फाशी देतात, आणि मग सगळे मिळून दारू पितात.

पहिली पायरी: पेन्सिल बाजूला ठेवा

पहिलं वाचन हातात काही न घेता करा. एका बैठकीत, मध्ये न थांबता. वाचून झाल्यावर निबंध मिटा आणि आठवेल ते चार ओळींत लिहा. इथे 'महत्त्वाचं काय' याचा विचार करू नका, जे डोक्यात राहिलं तेच लिहा. कुणाला कुत्रा आठवतो, कुणाला रामाचा जप, कुणाला शेवटचं हसणं. जवळजवळ सगळ्यांना पाण्याचं डबकं आठवतं.

ही चार ओळींची चिठ्ठी जपून ठेवा. तंत्र जिथे लागू पडलं तिथेच तुम्ही अडखळलात, म्हणून शोध तिथून सुरू करायचा. अलंकारांच्या यादीवरून निबंधाकडे येणारा माणूस आधी औषध घेतो आणि मग आजार शोधत बसतो.

दुसरी पायरी: काय नाही ते लिहून काढा

आता पेन्सिल घ्या, पण अजून अधोरेखन नको. कोऱ्या कागदावर प्रश्न लिहा: मला काय सांगितलेलं नाही?

कैद्याचं नाव नाही. त्याचा गुन्हा नाही. खटला कसा चालला, साक्षीपुरावा काय होता, यांतलं काही नाही. त्याने कुणाला मारलं असेल तर त्या माणसाचाही उल्लेख नाही. शिक्षेने गुन्हे कमी होतात की नाही, निरपराध माणूस चुकून फासावर जातो का, यावर एक वाक्य नाही. वादविवादाच्या स्पर्धेत फाशीवर बोलायचं तर जे मुद्दे आपण सगळ्यात आधी काढू, ते सगळे गाळलेले आहेत.

हे गाळणं हेच निबंधातलं सगळ्यात मोठं तंत्र आहे, आणि अधोरेखन करून ते सापडत नाही कारण रेघ मारायला तिथे शब्दच नसतो. गुन्हा सांगितला असता तर काय झालं असतं ते करून पाहा. पहिल्या परिच्छेदात मनातल्या मनात एक वाक्य घाला: 'याने दोन लहान मुलांचा खून केला होता.' आता पुढचा निबंध वाचा. तुम्ही लगेच न्यायाधीशाच्या खुर्चीत जाऊन बसता आणि तराजू हातात घेता. दुसरं वाक्य घालून पाहा: 'तो निर्दोष होता.' आता तुम्ही एका चुकीच्या निकालाबद्दल हळहळता, म्हणजे 'बरोबर' निकालाची फाशी तुम्हाला चालते असं ठरतं. ऑर्वेलने दोन्ही दारं बंद ठेवली. वाचकाला फक्त 'एक माणूस' दिला. शीर्षकसुद्धा तेच करतं. त्यातल्या 'अ'कडे लक्ष द्या: ही कुठलीतरी एक फाशी आहे. शेजारच्या कोठड्यांत पुढच्या आठवड्या-दोन आठवड्यांत फाशी जायची असलेली माणसं घोंगड्या पांघरून उकिडवी बसलेली आहेत, हे पहिल्याच परिच्छेदात येतं.

तुलनेसाठी एक गोष्ट लक्षात असू द्या. फ्रेंच लेखक आल्बेर काम्यूने १९५७ मध्ये गिलोटिनवर, म्हणजे मुंडकं उडवणाऱ्या यंत्रावर, दीर्घ निबंध लिहिला आणि सुरुवात बरोबर उलटी केली. त्याने आधी गुन्हा सांगितला, आणि तोही भयंकर: एका शेतकरी कुटुंबाची मुलाबाळांसकट हत्या. काम्यूच्या वडिलांना ही शिक्षा योग्यच वाटत होती, म्हणून ते पहाटे उठून मुद्दाम ती पाहायला गेले. घरी आले ते एक शब्द न बोलता पलंगावर आडवे झाले आणि त्यांना ओकारी झाली. म्हणजे गुन्हा सांगूनही विरोध करता येतो. पण मग पुढची कितीतरी पानं युक्तिवाद करावा लागतो, आणि काम्यू तो करतोही. ऑर्वेलला युक्तिवाद करायचाच नव्हता. तुमच्या लेखात हा फरक दोन वाक्यांत आला तरी पुरे.

तिसरी पायरी: 'आम्ही' की 'आपण'?

ही पायरी मराठी वाचकाच्या खास सोयीची आहे, आणि माझी सगळ्यात आवडती.

निबंधाचा निवेदक वरचेवर 'वुई' म्हणतो. इंग्रजीत हा एकच शब्द. मराठीत आपल्याला ठरवावं लागतं: 'आम्ही', म्हणजे समोरचा सोडून, की 'आपण', म्हणजे समोरच्याला धरून? तेव्हा निबंधाच्या समासात प्रत्येक 'वुई'शेजारी यातलं एक अक्षर लिहा. 'आ' म्हणजे आम्ही, 'प' म्हणजे आपण. दहा मिनिटांचं काम आहे, पण त्यातून निबंधाचा सांगाडा हाताला लागतो.

सुरुवातीला सगळे 'आ' येतात. आम्ही कोठड्यांबाहेर थांबलो होतो. आम्ही निघालो. हे 'आम्ही' म्हणजे गणवेशवाले: तुरुंगाचा अधीक्षक, हेड जेलर फ्रान्सिस, शिपाई आणि निवेदक स्वतः. कैदी त्यात नाही. तो 'आमच्या' समोरचं काम आहे.

मग डबकं येतं. त्यानंतरच्या परिच्छेदात एक वाक्य असं आहे की तो आणि आम्ही मिळून एक घोळका होतो, एकत्र चालणारा, एकच जग पाहणारा, ऐकणारा, समजून घेणारा. वाक्याच्या सुरुवातीला 'तो' आणि 'आम्ही' वेगवेगळे आहेत. वाक्य संपता संपता मात्र दोन मिनिटांत 'आपल्यातला' एक नाहीसा होणार असतो. एकाच वाक्यात 'आ'चा 'प' झाला. 'आमच्यातला एक' असं भाषांतर करून पाहा, चुकीचं वाटतं. इथे 'आपल्यातला'च हवं, आणि त्या 'आपल्यात' वाचकही ओढला जातो.

पुढे जे होतं ते जास्त महत्त्वाचं आहे. हा 'प' टिकत नाही. फास गळ्यात अडकवल्यावर कैदी देवाचं नाव घ्यायला लागतो आणि 'आम्हा' सगळ्यांच्या मनात एकच विचार असतो: मारा एकदाचं याला, हा आवाज बंद करा. पुन्हा 'आ'. आणि शेवटच्या परिच्छेदात 'आम्ही' सगळे, गोरे आणि देशी, गुण्यागोविंदाने एकत्र दारू पितो. निबंधभर ज्यांच्यात साहेब आणि नोकर असं अंतर होतं ते इथे एक होतात, आणि त्यांना एक करणारा माणूस शंभर यार्डांवर मरून पडलेला असतो.

माझ्या मते हा निबंध फाशीला विरोध करतो तो इथे. निवेदकाला सत्य कळतं, लख्ख कळतं, आणि तरी तो काही करत नाही. पाच मिनिटांनी तोही हसतो. 'फाशी वाईट, कारण कैद्याचे हाल होतात' एवढंच म्हणणं असतं तर कैद्याला रडताना दाखवलं असतं. इथे कैदी शांत आहे. बिघडतात ते फाशी देणारे. तुमच्या लेखाचा मुख्य मुद्दा काय असावा हे अजून ठरत नसेल तर हा घेऊन बघा.

चौथी पायरी: एक जागा निवडा आणि तिथे मुक्काम करा

पूर्ण निबंधावर थोडं थोडं लिहिण्यापेक्षा एका जागेवर भरपूर लिहिलेलं चांगलं. डबक्याची जागा घेऊ.

दृश्य असं: दोन्ही खांद्यांना शिपायांनी पकडलेला, हात बांधलेला कैदी ओल्या खडीवरून चालतोय. फाशीची चौकट साधारण चाळीस यार्डांवर. निवेदक त्याच्या मागे आहे, म्हणजे त्याला, आणि आपल्याला, दिसते ती उघडी पाठ, जागच्या जागी सरकणारे स्नायू, डोक्यावर उडणारी शेंडी, खडीत उमटणारी पावलं. आणि एकदा, खांदे धरलेले असतानाही, तो डबकं चुकवायला किंचित बाजूला सरकतो.

आता प्रश्न विचारत जा. हा तपशील का चालतो? कारण तो निरुपयोगी आहे. दोन मिनिटांनी मरणाऱ्याला पाय भिजल्याने काय फरक पडणार? पण शरीराला हे ठाऊक नाही, किंवा ठाऊक असून ते जुमानत नाही. कैद्याने मागे वळून 'मला जगायचंय' असं म्हटलं असतं तर ते नाटकी झालं असतं. इथे तेच पायाने म्हटलंय, आणि म्हणणाऱ्याला त्याचा पत्ताही नाही. शिवाय हे असं काम आहे जे तुम्ही स्वतः शेकडो वेळा केलेलं आहे. मरणाच्या दारातला अनुभव वाचकाकडे नसतो, डबकं चुकवण्याचा असतो.

मग वाक्यांकडे या. डबक्याचं वाक्य साधं, लहान, कुठलाही अलंकार नसलेलं. त्याच्यापुढचा परिच्छेद मात्र एकदम फुगतो: आतडी अन्न पचवताहेत, कातडी नवी होतेय, नखं वाढताहेत, पेशी तयार होताहेत. क्रियापदं सगळी चालू वर्तमानातली, शरीर कामावर हजर. आणि नखं तर खटका ओढल्यावर, तो खाली पडत असतानाही वाढतच असणार. डोळे अजून पिवळी खडी पाहताहेत, मेंदू अजून विचार करतोय, अगदी डबक्यांचासुद्धा. शेवटी लय पुन्हा आखडते: एक मन कमी, एक जग कमी.

पूर्ण निबंधात उघड मतप्रदर्शन आहे ते फक्त इथे. ऐन भरात असलेलं आयुष्य मध्येच कापण्यातला शब्दांत न मावणारा चुकीचेपणा, असं काहीसं निवेदक म्हणतो. हे वाक्य पहिल्या ओळीत आलं असतं तर भाषण झालं असतं. डबक्यानंतर आलं म्हणून वाचक ते निमूटपणे मान्य करतो, कारण त्याचं पाऊल आधीच बाजूला पडलेलं असतं. तंत्राबद्दल लिहिताना 'काय' इतकंच 'कुठे' महत्त्वाचं, हे इथे दाखवून देता येतं.

पाचवी पायरी: उपमा मोजू नका, त्यांची दिशा बघा

आता खुशाल अधोरेखन करा. पण प्रत्येक उपमेशेजारी एक बाण काढा: माणसाकडून जनावराकडे, की जनावराकडून माणसाकडे?

कोठड्या जनावरांच्या लहान पिंजऱ्यांसारख्या. शिपाई कैद्याला असं धरतात जणू जिवंत मासा, निसटून पाण्यात उडी मारेल असा. म्हणजे माणसं माणसाला जनावर समजून हाताळताहेत. आणि मध्येच कुठून तरी एक कुत्रा धावत येतो, इतकी माणसं एकत्र दिसल्याच्या आनंदात सगळ्यांभोवती उड्या मारतो, आणि नेमका कैद्याच्या अंगावर झेपावून त्याचं तोंड चाटायला बघतो. बाण उलटा झाला. त्या अंगणात कैद्याशी माणसासारखा वागणारा एकटा कुत्रा.

कुत्र्याबद्दल नवखे लोक 'कुत्रा हे निरागसतेचं प्रतीक आहे' असं लिहून पुढे जातात. चूक नाही, पण त्यातून हाती काही लागत नाही. कुत्रा करतो काय ते बघा. तो मिरवणूक थांबवतो. अधीक्षक चिडतो, कारण वेळापत्रक बिघडलं. शेवटी निवेदकाचाच रुमाल त्याच्या गळपट्ट्यात ओवून त्याला बांधून नेतात. म्हणजे आता चौकटीकडे दोन जीव बांधून चालले आहेत, आणि एकाची दोरी निवेदकाच्या रुमालाची आहे. फाशीनंतर सोडल्यावर कुत्रा चौकटीमागे धावत जातो, भुंकतो, मग मागे सरून कोपऱ्यातल्या गवतात उभा राहतो आणि घाबरून 'आमच्याकडे' बघतो. प्रेताकडे नाही, आमच्याकडे. एवढं लिहिलंत तर 'प्रतीक' हा शब्द वापरायची गरजच पडणार नाही.

कैद्याच्या मिशांची उपमा मात्र वेगळ्या जातीची. त्या त्याच्या अंगाच्या मानाने फारच मोठ्या, विनोदी सिनेमातल्या नटासारख्या. इथे बाण कुठेच जात नाही. विनोद आणि मरण शेजारी ठेवल्याने नुसतं अवघडल्यासारखं होतं. शेवटच्या हसण्याची ती आधीच पेरलेली खूण असावी असं मला वाटतं, पण यावर पैज लावणार नाही.

सहावी पायरी: कान लावा

निबंध एकदा मोठ्याने वाचा. आठचा बिगुल. अधीक्षकाची करवादलेली घाई: आठ वाजून गेले, हा माणूस एव्हाना मेलेला असायला हवा होता, आणि याचं काम उरकेपर्यंत बाकीच्या कैद्यांना न्याहारी देता येत नाही. मरण म्हणजे वेळापत्रकातली एक नोंद. नंतर मनगटावरचं घड्याळ: आठ वाजून आठ मिनिटं, चला, आजच्यापुरतं झालं. इथे उपरोध शोधायला कुठे जावं लागत नाही. लेखक काहीच टोचून बोलत नाही, फक्त माणसं खरोखर काय बोलतात ते लिहून ठेवतो, आणि तेवढ्यानेच टोचतं.

घड्याळाच्या विरुद्ध दुसरी लय आहे ती जपाची. 'राम, राम, राम', भेदरलेला नव्हे, एकसुरी, घंटेच्या टोल्यांसारखा. डोक्यावर पिठाच्या पिशवीसारखी कापडी पिशवी चढवल्यावरही तो दबक्या आवाजात चालूच राहतो. अधीक्षक काठीने जमीन टोकरत उभा, बहुधा मोजतोय, पन्नास की शंभर, ठरावीक आकडा होईपर्यंत थांबतोय. इंग्रज वाचकाला त्या शब्दाचा नुसता नाद ऐकू येतो. मराठी वाचकाला 'राम म्हणणे' याचा दुसरा अर्थही ठाऊक असतो. हा अर्थ लेखकाच्या डोक्यात होता असं मात्र लिहू नका, तो आपल्या भाषेने आपल्याला दिलेला आहे. लिहायचाच तर 'मराठी वाचकाला इथे' अशी सुरुवात करून लिहा.

आणि मग हुकूम: 'चलो!' बाजाराला निघताना म्हणावा तसा शब्द. एक खडखडाट, आणि शांतता. मरणाच्या क्षणाचं वर्णनच नाही. जिथे दुसरा लेखक दोन पानं लिहील तिथे याने ओळसुद्धा पुरी खर्च केलेली नाही.

सातवी पायरी: फाशीनंतरच्या भागावर थांबा

अर्धे विद्यार्थी फाशी झाली की निबंध संपला असं समजतात. पण साधारण तिसरा हिस्सा अजून शिल्लक असतो, आणि तिथेच घाव आहे.

सगळ्यांना सुटल्यासारखं वाटतं. गावंसं, पळावंसं, खिदळावंसं वाटतं. फ्रान्सिस किस्से सांगतो: एकजण कोठडीचे गज सोडीना, तीन-तीन शिपायांनी एकेक पाय ओढून त्याला सोडवावं लागलं. ऐकून सगळे हसतात. निवेदकाच्या लक्षात येतं की आपणही मोठमोठ्याने हसतोय. इथे लिहिताना 'ते क्रूर होते' असं लिहिण्याचा मोह होतो. तो टाळा. क्रूर माणूस असा सुटकेने हसत नाही. फाशीच्या आधी सगळ्यांचे चेहरे उतरलेले होते, काहींच्या हातातल्या संगिनी थरथरत होत्या. म्हणजे आपण काय करतोय हे सगळ्यांना कळत होतं. हसणं हे त्या कळण्यावर टाकलेलं पांघरूण आहे. किस्से फक्त विनोद म्हणून आलेले नाहीत. ते वाचकाला सांगतात की हा कैदी शांतपणे चालत गेला तसं दर वेळी होत नाही, काहींना ओढून न्यावं लागतं.

याच भागात एक अडचणही आहे, ती लपवू नका. फ्रान्सिसचे इंग्रजी उच्चार लेखकाने मुद्दाम वेडेवाकडे छापले आहेत. देशी माणसाची चेष्टा आहे का ही? काही प्रमाणात आहेच. साम्राज्याच्या पगारावरचा गोरा तरुण देशी माणसांकडे पाहतोय, ती नजर निबंधातून पूर्ण गेलेली नाही. कैद्याला नाव नसणं हे तंत्र आहे असं आपण वर म्हटलं. पण जेलरला नाव आहे आणि कैद्याला नाही, यात त्या काळच्या नजरेचाही वाटा आहे, असं कुणी म्हणालं तर मी वाद घालणार नाही. हा मुद्दा आला की लेख नुसता स्तुतिपाठ राहत नाही.

आठवी पायरी: आता लिहा

लिहिताना प्रत्येक परिच्छेदात तीन गोष्टी असू द्या: लेखकाने काय केलं, त्याने वाचकाचं काय झालं, आणि त्याचा फाशीला असलेल्या विरोधाशी काय संबंध. क्रम बदलला तरी चालेल, तिसरी गोष्ट मात्र सुटता कामा नये.

कच्चा परिच्छेद असा दिसतो: 'लेखकाने कैद्याला माशाची उपमा दिली आहे. यामुळे वर्णन जिवंत होते. यातून लेखकाचा मृत्युदंडाला विरोध प्रभावीपणे दिसतो.'

हाच पक्का करू: 'शिपाई कैद्याला निसटू पाहणाऱ्या माशासारखे चाचपत राहतात, पण कैदी निसटायचा प्रयत्नच करत नाही, त्याने हात ढिले सोडलेले आहेत. म्हणजे ही उपमा कैद्याबद्दल कमी आणि शिपायांच्या भीतीबद्दल जास्त सांगते. ज्याच्याकडून काहीच धोका नाही अशा माणसाला सहा जण घेरून नेत आहेत, हे दिसल्यावर ही शिक्षा नक्की कोणाला कोणापासून वाचवते, असा प्रश्न वाचकाला पडतो. लेखक तो विचारत नाही.'

पक्का परिच्छेद लांब झाला कारण निबंधातली अजून एक ओळ, कैद्याचे ढिले हात, मदतीला आली. सहसा असंच होतं. परिच्छेद पोकळ वाटला तर नवीन विशेषण शोधू नका. निबंधात परत जा आणि त्याच जागेच्या वरची-खालची ओळ वाचा.

काही खड्डे सांगून ठेवतो. 'ऑर्वेलला वाटलं' असं लिहिण्याऐवजी 'निवेदकाला वाटतं' लिहा. लेखकाने १९३७ च्या एका पुस्तकात आपण एकदा माणूस फाशी जाताना पाहिल्याचं लिहिलं आहे, पण हा निबंध जशाच्या तसा त्याच प्रसंगाची नोंद आहे असं त्यावरून ठरत नाही, आणि तुमच्या मुद्द्याला त्याची गरजही नाही. दुसरं, फाशीबद्दल तुमचं स्वतःचं मत काहीही असो, प्रश्न ते विचारत नाही. फाशीच्या बाजूचा विद्यार्थीही या निबंधावर उत्तम लिहू शकतो. उलट तो दुसऱ्या पायरीवरचा रिकामेपणा, बळी पडलेल्याचा कुठेच नसलेला उल्लेख, जास्त चटकन पकडतो. तिसरं, भूतकाळ-वर्तमानकाळाची सरमिसळ. निबंधात जे घडतं ते वर्तमानकाळात लिहा, 'कैदी बाजूला सरकतो', आणि शेवटपर्यंत तोच काळ धरून ठेवा.

पहिला मसुदा झाला की पहिल्या पायरीवरची ती चार ओळींची चिठ्ठी काढा आणि त्यात लिहिलेलं लेखात आलंय का ते तपासा. कुत्रा आठवला होता आणि लेखात कुत्राच नाही, असं झालं असेल तर कुठल्यातरी यादीने तुम्हाला मध्येच पळवलेलं आहे. मग 'प्रभावीपणे' हा शब्द जिथे जिथे आला असेल तिथे काट मारा आणि त्या जागी, काय परिणाम झाला ते एका वाक्यात लिहा. माझ्या त्या पहिल्या लेखात तो नऊ वेळा होता.